रहदारी नसलेली वाट कुठे जाते?

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत ठरू लागले की आपल्या मंडळींच्या गप्पांत अलीकडे एक नवे पालुपद ऐकू येते. पूर्वी स्वित्झर्लंडचे बर्फ, पॅरिसचा मनोरा आणि लंडनच्या नातेवाइकांचा पाहुणचार एवढ्यात युरोप आटपत असे. आता कोणीतरी फ्रान्समध्ये सायकलवर आठवडा काढून आलेले असते. नदीकाठची वाट, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, दुपारी झाडाखाली पाव आणि चीज, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, "सात दिवसांत एक मोटार आडवी आली नाही हो!" ऐकणारे माना डोलावतात, नकाशे मागून घेतात आणि पुढच्या वर्षी आणखी दोन कुटुंबे त्या वाटेला लागतात.

मीही त्या वाटांवरून हिंडलो आहे आणि ते सुख मला नाकारायचे नाही. पण नाटक पाहून आल्यावर 'छान होते' एवढ्यावर आपण थांबत नाही. पात्रे कशी होती, दुसरा अंक का रेंगाळला, यावर घरी येईपर्यंत वाद घालतो. वाटेचेही तसेच व्हायला हवे. वाट काही आपोआप उगवत नाही. ती कशावरून न्यायची आणि कशाला वळसा घालायचा हे कोणीतरी ठरवलेले असते. म्हणजे तीही एक रचना आहे, आणि रचना म्हटली की तिची चिकित्सा आली. 'रहदारी नाही' एवढ्यावरून वाट चांगली ठरते का? की ती कुठे जाते आणि कोणाला कुठे पोचवते, हे आधी विचारायला हवे? या लेखाचा विषय हा आहे, आणि तो केवळ सुट्टीपुरता का नाही, हे शेवटी येईलच.

आधी त्या वाटांची थोडी ओळख. फ्रान्समध्ये त्यांना 'व्हुआ व्हेर्त' म्हणजे हिरवी वाट म्हणतात. २००४ साली तिथल्या वाहतूक नियमांत ही संज्ञा रीतसर दाखल झाली: इंजिन नसलेली वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखून ठेवलेला रस्ता. या वाटा मुख्यतः दोन जुन्या गोष्टींच्या पाठीवर बसल्या आहेत. एक म्हणजे बंद पडलेले रेल्वेमार्ग. दुसरी म्हणजे कालव्याकाठच्या ओढवाटा, जिथून घोडे आणि पुष्कळदा माणसेही दोर खांद्याला लावून मालाच्या होड्या ओढत नेत. दोन्हींच्या इतिहासात एका इंजिनिअरचे नाव ठळक आहे. शार्ल द फ्रेसिने हा सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना १८७९ साली एक प्रचंड योजना मंजूर झाली. आडगावांपर्यंत रेल्वेचे फाटे न्यायचे आणि देशभरच्या कालव्यांवरचे पाणी चढवण्या-उतरवण्याचे दरवाजे एका मापाचे करायचे, असा तिचा आवाका होता. आज आपण ज्यांवरून सायकल हाकतो त्यांतल्या कितीतरी वाटांचे मूळ त्या काळातल्या बांधकामात आहे.

या मुळामुळेच त्या इतक्या सोप्या आहेत. आगगाडीला मोठा चढ झेपत नाही. त्यामुळे डोंगर कापून, खड्ड्यांत भराव घालून रूळ जवळजवळ सपाटीने नेलेले असतात. कालवा तर सपाटच. दरवाजापाशी तेवढा छोटा चढ-उतार. बर्गंडीतली जीव्री ते क्ल्युनी ही सुमारे ४५ किलोमीटरची वाट अशाच एका जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ साली खुली झाली आणि ती फ्रान्सची पहिली हिरवी वाट मानली जाते. क्ल्युनीच्या पुढे दक्षिणेला बोई-क्लेरचा दीड किलोमीटरहून लांब रेल्वे-बोगदा आहे. तोही आता सायकलींसाठी उघडला आहे, फक्त हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी बंद ठेवतात. लुआर नदीच्या काठचा 'लुआर आ व्हेलो' मार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा. जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत ऱ्होन नदीच्या सोबतीने जाणारा 'व्हिआ-ऱ्होना' ८०० किलोमीटरच्या वर. आणि आम्हा रायस्वाइककरांना सगळ्यात जवळची म्हणजे मूझ नदी. फ्रान्समध्ये लांग्रच्या पठारावर उगम पावून ती बेल्जियममार्गे इथे येते आणि मास या नावाने आपल्या शेजारीच, हूक फान हॉलंडच्या बाजूला समुद्राला मिळते. तिच्या काठाने जाणाऱ्या हजारभर किलोमीटरच्या मार्गाला २०१९ पासून 'यूरोव्हेलो १९' असा क्रमांक आहे. आपल्या घरामागच्या पाण्याच्या बाजूने वर वर जात राहिले तर फ्रान्समधल्या उगमापर्यंत पोचता येते, ही कल्पनाच मोठी मोहक आहे.

इथपर्यंत सगळे कौतुकाचेच. आता माझी पहिली तक्रार.

ही शांतता आली कुठून? मोटारी हटवून ती मिळवलेली नाही. तिथे मोटारी कधी नव्हत्याच. तिथे आगगाडी होती, ती गेली. मालाच्या होड्या होत्या, त्या गेल्या किंवा तुरळक झाल्या. हिरवी वाट म्हणजे पुष्कळदा गावाने गमावलेल्या आगगाडीचे सुबक स्मारक असते. जीव्री-क्ल्युनी वाटेवरची काही जुनी स्टेशने आज उपाहारगृहे किंवा सायकली भाड्याने देणारी दुकाने झाली आहेत. बसायला छान सावली, पण फलाटाच्या कडेला बसून लिंबू-सरबत पिताना मनात येते की इथून कोणीतरी रोज सकाळी तालुक्याच्या शाळेत जात असेल, कोणाची आई दवाखान्यात जात असेल. त्यांची सोय गेली, आपली झाली. मूझच्या काठी शार्लव्हील-मेझिएर ते झिव्हे ही आर्देनमधली वाट तर अशा खोऱ्यातून जाते की जिथे ओतशाळा आणि लोखंडी सुट्या भागांचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या धडधडत होते. त्यांतले बरेच थंडावले. नदीत आता झाडांची प्रतिबिंबे स्वच्छ दिसतात. विदर्भातल्या शकुंतला एक्स्प्रेसच्या गावांना कोणी म्हटले, 'तुमची गाडी राहू द्या, रुळांवर सायकलची छान वाट करून देतो,' तर ते काय उत्तर देतील? त्यांचे म्हणणे गेली कित्येक वर्षे एकच आहे, आमची गाडी चालू करा.

रेल्वेमार्गावरच्या वाटेचा आणखी एक दोष रचनेतच आहे. रूळ डोंगराच्या सोयीने गेले, गावाच्या सोयीने नव्हे. स्टेशन गावाबाहेर अर्ध्या-एक किलोमीटरवर. त्यामुळे वाटेवरून दिसते ती गावाची पाठ: परसातली भाजी, दोरीवरचे कपडे, कोंबड्यांचे खुराडे. चावडी, बाजार, शाळा सुटल्याचा गलका यांतले काही नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघे, मी, सौ., तेरा वर्षांची लेक आणि नऊ वर्षांचा चिरंजीव, बोनहून क्ल्युनीपर्यंत गेलो. शालों सोडल्यापासून क्ल्युनीपर्यंत जितके फ्रेंच लोक भेटले त्याहून अधिक डच भेटले. त्यांतल्या एका जोडप्याचे घर निघाले आमच्यापासून तीन गल्ल्यांवर! वाटेवर आपल्यासारखेच सगळे आणि गाव मात्र झाडीपलीकडे. मग प्रवास कोणाच्या देशात झाला?

दुसरी तक्रार मळ्यांविषयी, आणि ती माझ्या जास्त जिव्हाळ्याची आहे. मी निफाड तालुक्यातला. द्राक्षे माझ्या लेखी देखावा नाहीत. वाटेवरून मळा दिसतो तो चित्रासारखा, ओळीने विंचरलेला. त्या चित्रात कर्ज दिसत नाही, फवारणी दिसत नाही, पहाटे अडीचला उठून तापमापक बघणारा माणूस दिसत नाही. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सच्या मळ्यांवर अशी थंडी पडली की कोवळे कोंब एका रात्रीत जळाले. शेतकऱ्यांनी वेलींच्या ओळींतून मेणाच्या हजारो शेगड्या पेटवल्या. त्या रात्रींची छायाचित्रे जगभर 'किती सुंदर' म्हणून फिरली. निफाडच्या माणसाला त्यात सौंदर्य दिसणार नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की आमच्याकडेही बागांतून शेकोट्या पेटतात, धूर करतात, रात्री पाणी सोडतात. आणि मार्च २०१४ ची गारपीट ज्याने पाहिली त्याला आभाळाकडे बघून 'हवा छान आहे' म्हणायचे धाडस होत नाही.

बर्गंडीत एक वाट या दोषातून सुटली आहे, म्हणून तिचे नाव मुद्दाम सांगतो: बोन ते सांतने, 'व्हुआ दे व्हिन्य', मळ्यांची वाट. वीस-बावीस किलोमीटरची. पोमार, व्होलने, मर्सो अशी एकाहून एक नामांकित गावे तिच्यावर आहेत. ही वाट रेल्वेची नाही, कालव्याची नाही. शेतकऱ्यांच्या मळ्यांतल्या कामाच्या रस्त्यांना जोडून ती केली आहे. त्यामुळे ती पुरती रहदारीमुक्त नाही. वेलींच्या ओळीला दोन्ही पायांत घेऊन चालणारे उंच, टांगेवाले ट्रॅक्टर समोरून येतात आणि आपण बाजूला व्हायचे असते. चढ-उतार आहेत, गावात शिरल्यावर मोटारीही आहेत. एका बांधापाशी चाक बदलताना शेजारच्या मळ्यातल्या बाईंनी पाणी दिले. मी मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितले की माझ्या गावीही द्राक्षे आहेत, पण आमच्या वेली कमरेएवढ्या नसून डोक्यावर मांडव घालतात, आणि उन्हापासून घडांना पानांची सावली धरतात. त्यांना ते इतके नवलाचे वाटले की त्यांनी काठीने मातीत मांडवाचे चित्र काढायला लावले. मग मजुरांचा विषय निघाला. तोडणीला माणसे कुठून येतात, त्यांची राहायची सोय काय, भाव कोण ठरवतो. पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या बागांत कामाला येणारी कुटुंबे मला आठवत होती. त्या अर्ध्या तासाचे श्रेय त्या ट्रॅक्टरच्या रस्त्याला. रहदारी होती म्हणून माणूस होता.

या मळ्यांच्या एकेका तुकड्याला तिथे नाव असते, 'क्लिमा' म्हणतात. ही क्लिमा २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. आपल्याकडेही आंबराई, मळई, खळ्याची पट्टी अशी प्रत्येक शेताला नावे असतात, ती कोणी यादीत घालत नाही एवढेच. जीव्रीहून क्ल्युनीच्या वाटेवर ब्यूसी नावाचे गाव लागते. तिथे १९३१ पासूनचा द्राक्ष उत्पादकांचा सहकारी कारखाना आहे. १९९१ साली महाग्रेप्स उभी करणाऱ्या महाराष्ट्राच्या माणसाने तिथे थांबू नये? पण सायकलींची रांग 'आज किती किलोमीटर झाले' या नादात पुढे निघून जाते. माहितीपत्रकात तळघरातली चव घेण्याची वेळ असते, संघ कसा चालतो हे विचारण्याची नसते.

आता तिसरी आणि मुख्य तक्रार. ती मांडायला रायस्वाइकला परत यावे लागेल.

आपल्या गावाला लागून फ्लीट हा कालवा वाहतो. त्याचा माग रोमन सेनापती कॉर्बुलोने पहिल्या शतकाच्या मध्याला खणवलेल्या कालव्यापर्यंत लागतो. ऱ्हाइन आणि मास यांच्या मुखांना जोडणारा तो कालवा. सतराव्या शतकात, १६३२ ते १६६५ च्या दरम्यान, डच शहरांनी आपापसांत घोड्यांनी ओढायच्या प्रवासी होड्यांचे जाळे विणले. साडेसहाशे किलोमीटरच्या वर लांबीचे, ठरलेल्या वेळापत्रकाने चालणारे. डेल्फ्ट-लायडन मार्ग त्यातलाच, याच पाण्यावरून गेलेला. काठावरच्या त्या वाटेला डच भाषेत 'याखपाद' म्हणतात. फ्रान्समध्ये जी ओढवाट सहलीची झाली, तिच्या या डच बहिणीवरून आमची लेक रोज दप्तर लावून डेल्फ्टच्या शाळेत जाते. पाच किलोमीटर, पावसात, वाऱ्यात, मैत्रिणींशी मोठमोठ्याने बोलत. तिला ती सुंदर वगैरे वाटते का विचारले तर ती माझ्याकडे दयेने बघते. वाट म्हणजे शाळेत जायचा रस्ता; सुंदर असायला ती काय सुट्टी आहे?

दोन्ही वाटा पाण्याकाठच्या, दोन्ही शांत. फरक असा की फ्रान्समधली बहुतेक ठिकाणी रेघ आहे आणि इथली जाळ्याचा एक धागा. आम्हा संगणकवाल्यांना हा भेद नीट कळतो. एक तार कितीही जाड असली तरी तिने दोनच टोके जोडली जातात. उपयोग वाढतो तो गाठींनी.

हे नुसते माझे मत नाही, इथे त्याचा प्रयोग झालेला आहे. १९७० च्या दशकात नेदरलँडमध्ये मोटारी बेसुमार वाढल्या. १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत शेकडो लहान मुले होती. 'मुलांची हत्या थांबवा' म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. लक्षात घ्या, ते नदीकाठी वेगळी वाट मागायला गेले नाहीत; त्यांनी घरासमोरचा रस्ता परत मागितला. त्यानंतर सरकारने हेग आणि टिल्बर्ग या शहरांत एकेक नमुनेदार सायकलमार्ग बांधला, रुंद, लाल, खर्चिक. त्या मार्गांवर सायकली वाढल्या खऱ्या, पण बऱ्याचशा शेजारच्या रस्त्यांवरून तिकडे वळलेल्या. शहरातले एकूण सायकल चालवणे फारसे हलले नाही. मग डेल्फ्टमध्ये दुसरा विचार झाला. १९७९ च्या आराखड्याप्रमाणे, १९८२ ते १९८७ या काळात, तिथे एक भव्य मार्ग न बांधता तीन पदरी जाळे विणले: शहराच्या पातळीवर सुमारे अर्ध्या किलोमीटरच्या अंतराने मार्ग, विभागात दोन-तीनशे मीटरवर, वस्तीत शंभर-दीडशे मीटरवर. कुठे छोटा पूल, कुठे भुयारी रस्ता, कुठे नुसती एकेरी गल्ली सायकलींना दुहेरी केलेली. परिणामी शहरातल्या फेऱ्यांत सायकलीचा वाटा ४० टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला. आकडा छोटा दिसतो, पण ज्या गावात आधीच दहांतले चौघे सायकलवर होते तिथला तो आहे.

आणखी एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही, कारण त्याचा नायक इंजिनिअर आहे. बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात ह्यूगो बोलेन नावाचे खाण-अभियंता होते. कोळशाच्या खाणीत बोगद्यांच्या प्रत्येक चौफुल्याला क्रमांक असे, म्हणजे अंधारात माणूस हरवत नसे. तीच युक्ती त्यांनी जमिनीवर आणली: सायकलमार्ग जिथे भेटतात त्या प्रत्येक ठिकाणाला आकडा, आणि पाटीवर पुढच्या आकड्याची दिशा. १९९५ साली लिम्बुर्गमध्ये हे जाळे सुरू झाले, पुढे नेदरलँडभर पसरले. आज आपण घरून निघताना ३४, ५१, ७ असे आकडे चिठ्ठीवर लिहून घेतो आणि हवे तिथे वळतो. 'मार्ग' म्हटला की कोणीतरी आपल्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताला धरून नेते. आकड्यांच्या जाळ्यात बेत आपला असतो.

इथल्या गल्ल्यांत लाल रस्त्यावर एक पाटी असते, तुम्ही पाहिली असेल: 'गाडी इथे पाहुणी'. मला ही पाटी हिरव्या वाटेपेक्षा मोठी वाटते. हिरवी वाट रहदारीपासून पळ काढते. ही पाटी रहदारीला घरात घेते, पण तिला पाहुण्याची पायरी दाखवते. आमच्या सौ. रायस्वाइकला आल्यावर सायकल शिकल्या, वयाच्या पस्तिशीत, शेजारच्या मोरोक्कन बाईंबरोबर. आपल्यापैकी कितीजणी तशाच शिकल्या आहेत. त्या शिकल्या त्या सुट्टीत फ्रान्सला जायला नव्हे. भाजी आणायला, मुलाला पोहायच्या वर्गाला सोडायला, नवऱ्याच्या मोटारीची वाट न बघता कुठेही जायला.

यावर कोणी म्हणेल, 'अहो, एवढे मनाला लावून घेऊ नका. आठवडाभर मोकळा श्वास घ्यायला जातो, समाजशास्त्र करायला नाही.' म्हणणे रास्त आहे. ज्यांच्या मनात रस्त्याची भीती बसली आहे, ज्यांची मुले लहान आहेत, जे साठीनंतर पुन्हा सायकलवर बसत आहेत, त्यांना या वाटा म्हणजे वरदानच. आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवाने एका दिवसात चाळीस किलोमीटर केले ते अशाच वाटेवर. आणि फ्रेंचांनाही या दोषांची जाण आहे. लुआरचा मार्ग बराचसा कमी रहदारीच्या गावरस्त्यांवरून नेलेला आहे, सोम्यूरच्या जवळ तर तो खडकात कोरलेल्या घरांच्या मधून जातो. म्हणजे जिथे ते 'शुद्ध' राहायचा हट्ट सोडतात तिथे वाट जिवंत होते. माझे भांडण हिरव्या वाटेशी नाही. तिलाच आदर्श समजून सगळीकडे तिची नक्कल करण्याशी आहे.

कारण आपण फक्त सुट्टी घालवून परत येत नाही. आपण गावी गेलो की सल्ले देतो. परदेशातला इंजिनिअर म्हणून नगरसेवक आपले ऐकून घेतो, वर्तमानपत्रवाला छापतो. आणि आपल्या मोबाइलमध्ये छायाचित्रे असतात ती नदीकाठच्या वाटेची, डेल्फ्टच्या शाळेपुढच्या सायकलींच्या गर्दीची नव्हे. त्यातून काय होते ते पाहा. मुंबईत महापालिकेने पवई तलावाच्या काठाने सायकलची आणि धावण्याची वाट करायला घेतली. पाणथळ जागेचे नियम मोडल्याच्या कारणाने मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवले. तलावाकाठी फेरी मारून पुन्हा जिथून निघालो तिथेच येणारी ती वाट कोणाला कामावर पोचवणार होती? पुण्याने २०१७ साली आठशे किलोमीटरहून लांब जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर तो जाळ्याचाच आहे, आणि म्हणूनच अवघड आहे. त्यासाठी मोटारींची जागा कमी करावी लागते, दुकानदारांशी बोलावे लागते. हेगमध्येही दुकानदार खवळलेच होते. काठाची वाट सोपी, कारण तिथे कोणाशी भांडायचे नसते.

आपल्याकडे याहून जुना, आपला स्वतःचा नमुना आहे. आषाढी वारीसाठी आळंदीहून आणि देहूहून पालख्या निघतात तेव्हा लाखो माणसे पायी चालतात, आणि त्या दिवसांत रहदारी वळवली जाते. वारी गावाला वळसा घालत नाही. गावाच्या वेशीतून आत शिरते, मुक्काम करते, जेवते. रस्ता शांत नसतो, टाळ-मृदंगाने दणाणलेला असतो, पण मोटारीचा नसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली आणि त्यांच्या कडेने वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट योजली आहे. चालणाऱ्याला सुरक्षित जागा मिळणे चांगलेच. पण मधले चार पदर भरधाव झाले आणि वारकरी कडेला गेला, तर त्या रस्त्यावरचा त्याचा हक्क वाढला की आक्रसला, हा प्रश्न मला छळतो.

शेवटी माझ्या निफाडकडे. नांदूर-मधमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी जुना बंधारा आहे. तिथून दोन्ही काठांचे कालवे निफाड, येवला, कोपरगावकडे जातात. आम्ही त्यांना पाट म्हणतो. बंधाऱ्यामागचे पाणथळ पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे; २०२० साली ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. म्हणजे नदी आहे, कालवा आहे, काठाचा रस्ता आहे, मैलोगणती द्राक्षबागा आहेत. जवळच विंचूरला वाइन पार्क आहे. माहितीपत्रक छापायला काही कमी नाही, आणि कोणीतरी ते एक दिवस छापेलच. पण माझे दादा पाटाच्या रस्त्याने सत्तावीस वर्षे शाळेत शिकवायला गेले, काळ्या सायकलवर, मागे वह्यांचा गठ्ठा बांधून. वाटेत बैलगाडी, शाळेची पोरे, चारीचे पाणी सोडायला निघालेला पाटकरी. सगळे त्यांना ओळखत, थांबवत, कोणी घड हातावर ठेवत. आज त्या रस्त्यावर दुचाक्या आणि ट्रॅक्टर सुसाट आहेत आणि पोरींना शाळेत सायकलवर पाठवायला घरचे कचरतात. ज्या बागांची द्राक्षे रॉटरडॅम बंदरातून उतरून मार्च-एप्रिलमध्ये आपल्या फळांच्या दुकानात येतात, त्याच बागांमधल्या मुलीला चार किलोमीटरवरच्या शाळेत निर्धास्त जाता येऊ नये?

तेव्हा फ्रान्सला जरूर जा. बोनला, शान्यीला, शालोंला, माकोंला स्थानिक गाड्या थांबतात, सायकल घेऊन चढता येते. मळ्यांच्या वाटेने सुरुवात करा, कालव्याची वाट मुलांसाठी ठेवा. जेवायच्या वेळी हिरवी वाट सोडून गावात शिरा, बाजाराचा वार आधी पाहून ठेवा आणि दिवसाला तीस किलोमीटरच्या वर जाऊ नका. आणि गावी गेल्यावर कोणी विचारले की तिकडच्यासारखी वाट इथे कशी करायची, तर छायाचित्र दाखवण्याआधी एक गोष्ट करा. त्याला घेऊन गावच्या शाळेच्या फाटकाशी सकाळी सात वाजता उभे राहा, आणि मुले कुठून कुठून येतात ते दोघे मिळून एका कागदावर काढा. पहिली वाट त्या कागदावर सापडेल.